जुन्या रिव्हॉल्व्हरचं अडणारं सिलिंडर: कामाच्या नोंदी

२ नोव्हेंबर

बाबांचं रिव्हॉल्व्हर रीतसर परवान्यासह माझ्या नावावर होऊन महिना झाला. स्मिथ अँड वेसनचं मिलिटरी अँड पोलीस, .३८ स्पेशल, सहा घरांचं, चार इंची नळीचं. शेवटची काही वर्षं बाबांनी ते फक्त पुसून ठेवलं होतं. आता चाप ओढला की चार-पाच वेळा सरळ जातो आणि मध्येच असा अडतो की बोट दुखतं. सिलिंडर बाजूला काढायची कळही कधी पहिल्या दाबाला ऐकते, कधी तीनदा दाबावी लागते.

काम घरी करायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. दुरुस्तीचा परवाना असलेले एक काका ओळखीचे आहेत. त्यांच्या बाकावर, त्यांच्या नजरेखाली करायचं. त्यांची एक अट: "रोज काय केलंस ते लिहायचं. आणि चुकलीस तर ते आधी लिहायचं." माझा हात लेथवर बसलेला आहे, पण बंदुकीच्या पोटात मी कधी शिरलेले नाही. माझ्यासारखं कुणी पहिल्यांदा करत असेल तर त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून सगळं लिहिते आहे.

खोलीत जिवंत काडतूस आणायचंच नाही. प्रत्येक वेळी बाकावर ठेवताना सिलिंडर उघडून, मागून उजेड धरून सहाही घरं पाहायची. आज एवढंच केलं.

५ नोव्हेंबर

काका आज बाहेरगावी. पोट उघडायला त्यांनी हरकत घेतली नव्हती, म्हणून उघडलं. इथेच पहिली चूक झाली, पण ती कळायला पाच दिवस लागले. चाप अडतो म्हणजे दोष चापाच्या यंत्रणेत असणार, असं मी धरून चालले होते. तपासणी अशी काही केलीच नव्हती.

मुठीच्या लाकडी फळ्या काढल्या. मग मुठीच्या पुढच्या कडेचा, मुख्य स्प्रिंगला ताण देणारा स्क्रू सैल करून स्प्रिंग बाहेर काढली. मग पोट झाकणाऱ्या बाजूच्या झाकणाचे, म्हणजे साइडप्लेटचे, चार स्क्रू. यासाठी साधा स्क्रू ड्रायव्हर चालत नाही. त्याचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं, ते खाचेतून वर सरकतं आणि खाचेची कड फोडतं. समांतर टोकांचा नवा संच घेतला. या कामात विकत घेतलेली सर्वात महाग वस्तू तीच.

साइडप्लेट उचकटायची नाही. कडेत काहीही घातलं की ती कड कायमची वाकते आणि तो जोड मग पूर्वीसारखा कधीच मिटत नाही. रिव्हॉल्व्हर हातात सैल धरून मुठीच्या सांगाड्यावर लाकडी दांड्याने हलके ठोके देत राहिले. पंधरा-वीस ठोक्यांनी प्लेट आपोआप वर आली.

आत तेलाचं पिवळं, चिकट रोगण झालं होतं. जिथे जिथे कधी तेल सोडलं होतं तिथे ते वाळून थर धरला होता.

६ नोव्हेंबर

रिबाउंड स्लाइड, म्हणजे चापाला परत पुढे आणणारा सरकता भाग, काढताना तिची स्प्रिंग उडाली. डोळ्याला चष्मा होता म्हणून बरं. स्प्रिंग शोधण्यात तास गेला. पुढच्या वेळी मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून काढली, ती पिशवीतच राहिली.

सगळे भाग रात्रभर रॉकेलमध्ये ठेवले, सकाळी जुन्या टूथब्रशने घासले. लाकडी फळ्या मात्र या सगळ्यापासून लांब ठेवा, रॉकेल लाकडात मुरतं. एकाही भागाला कानस किंवा पॉलिश पेपर लावला नाही. या भागांचा पृष्ठभाग कठीण केलेला असतो आणि तो थर पातळ असतो. एकदा घासून आतलं मऊ पोलाद उघडं पडलं की तो भाग झिजतच जातो.

९ नोव्हेंबर

जोडलं. चाप आता स्वच्छ परत येतो, पण अडण्यात काडीचा फरक नाही. उलट एक नवा त्रास सुरू झाला. सिलिंडर ज्या बिजागरीवर बाहेर झुलतं ती योक आता जड फिरते. आधी ती मोकळी होती.

रात्री झोप लागेना. बाबांची वस्तू मी आणखी बिघडवली, हेच डोक्यात होतं.

१० नोव्हेंबर

काका परत आले. योक हातात घेऊन एकदा झुलवली आणि म्हणाले, "पुढचा स्क्रू बदललास का?"

साइडप्लेटचे दोन स्क्रू घुमटी डोक्याचे, दिसायला सारखेच. पण सर्वात पुढचा स्क्रू योकच्या दांडीतल्या खाचेत टेकतो आणि त्याचं टोक त्या खाचेला जुळवलेलं असतं. मी मागचा स्क्रू तिथे लावला होता. अदलाबदल केल्यावर योक पहिल्यासारखी हलकी झाली. उघडायच्या आधी पुठ्ठ्यावर साइडप्लेटची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवला असता तर ही रात्र वाचली असती.

मग त्यांनी विचारलं, "अडतंय ते कुठल्या घराला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाच दिवस काम करून हे मी पाहिलंच नव्हतं.

त्यांनी एक तपासणी दाखवली, तिला दोन मिनिटंही लागत नाहीत. सिलिंडर बाहेर काढायचं. उघड्या सिलिंडरवर घोडा चढू नये म्हणून आत एक अडसर येतो. कळ मागे ओढून धरली की तो सुटतो. मग घोड्याला अंगठ्याचा आधार देत चाप सावकाश ओढायचा. सिलिंडर बाहेर असताना चाप सुरळीत चालला तर दोष पोटात नाही, सिलिंडर किंवा त्याला टेकणाऱ्या कुठल्यातरी भागात आहे. मी दहा वेळा ओढून पाहिला. दहाही वेळा अगदी सुरळीत.

म्हणजे पोट उघडायची गरजच नव्हती. साफसफाई वाया गेली असं मी म्हणणार नाही, ते रोगण कधीतरी काढायलाच हवं होतं. पण दोषाच्या शोधात ते पाच दिवस फुकट गेले.

१२ नोव्हेंबर

मार्करने सिलिंडरच्या बाहेरून घरांना १ ते ६ आकडे घातले. रिकाम्या सिलिंडरवर घोडा अंगठ्याने सावकाश चढवत तीस फेऱ्या केल्या आणि प्रत्येक अडथळा वहीत टिपला.

दोन वेगवेगळ्या गोष्टी दिसल्या. २ आणि ३ नंबरच्या घरांना जडपणा जवळजवळ दर फेरीला. शिवाय अधूनमधून, कुठल्याही घराला, अचानक एक खरखरीत अडथळा. पहिला ठरलेल्या जागी येतो, म्हणजे काहीतरी वाकलेलं किंवा उंचसखल आहे. दुसऱ्याची जागा ठरलेली नाही, म्हणजे कुठेतरी कचरा किंवा काहीतरी सैल. मी इतके दिवस दोन्हींना एकच दोष समजत होते.

भरलेल्या सिलिंडरसारखं वजन मिळावं म्हणून काकांच्या डब्यातल्या सहा रिकाम्या पुंगळ्या घातल्या, तर ५ नंबरलाही अडायला लागलं. अर्धा दिवस त्याच्यामागे घालवला. शेवटी पुंगळ्यांची जागा बदलून पाहिली तर अडथळा पुंगळीबरोबर सरकला. त्या एका पुंगळीचा प्रायमर, म्हणजे ठोका बसल्यावर पेटणारी तळातली टोपी, तळाच्या जरासा वर आलेला होता आणि मागच्या पाटीवर घासत होता. सहा नव्या डमी (दारू नसलेली खोटी काडतुसं) आणल्या, ५ नंबर गप्प झाला. तपासणीसाठी वापरलेल्या पुंगळ्यांवर विसंबू नका.

१५ नोव्हेंबर

कचरा सापडला. पुंगळ्या बाहेर ढकलणारा एक्स्ट्रॅक्टर पूर्ण वर दाबून धरला आणि त्याच्या ताऱ्यासारख्या चकतीखाली, म्हणजे चांदणीखाली, दात कोरायच्या काडीने खरवडलं. न जळलेल्या दारूचे दाणे आणि काळा, दगडासारखा कडक थर, बाबा शेवटचं चालवून आले तेव्हापासूनचा. चांदणी सिलिंडरमध्ये पूर्ण बसत नव्हती, केसभर वर राहत होती. मागे जागाच इतकी थोडी असते की तेवढं पुरतं.

चांदणीची बैठक आणि खालचा दट्ट्या रॉकेलच्या ब्रशने साफ केला, कोरडा पुसला. तिथे तेल सोडायचं नाही, ते दाणे धरून ठेवतं. काका म्हणाले, पुंगळ्या काढताना नळी आकाशाकडे ठेवून एक्स्ट्रॅक्टरला ढकलणारा दांडा, म्हणजे इजेक्टर रॉड, दाबायचा, म्हणजे दाणे चांदणीखाली न जाता खाली पडतात.

खरखरीत अडथळा बराचसा गेला. २ आणि ३ चा जडपणा तसाच.

१६ नोव्हेंबर

आज सर्वात वाईट चूक झाली.

सिलिंडर उघडून इजेक्टर रॉड बोटांनी धरला तर तो थोडा फिरला. आटे सैल. रॉड सुटत गेला की लांब होतो आणि पुढचं टोक नळीखालच्या स्प्रिंगवाल्या खुंटीवर जोराने दाबायला लागतं. चाप जड होण्याचं आणि कळ न ऐकण्याचं, दोन्हींचं कारण तिथे होतं. मला इतका आनंद झाला की थांबून विचारच केला नाही.

या बनावटीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये रॉडला डावे आटे (घड्याळाच्या उलट फिरवून आवळायचे) असतात, एवढं मला ऐकून माहीत होतं. म्हणून पुढून पाहून घड्याळाच्या उलट दिशेने बोटांनी "आवळला". वाटलं, आवळतो आहे. सिलिंडर बंद केलं.

उघडेना. कळ पुढे जाते, पण सिलिंडर हलत नाही.

रॉड पोकळ असतो आणि त्याच्या आत एक मधली पिन असते. कळ दाबली की ही पिन पुढे सरकून नळीखालच्या खुंटीला रॉडच्या तोंडाबाहेर ढकलते, तेव्हा सिलिंडर सुटतं. रॉड लांब झाला की पिन त्याच्या तोंडापर्यंत पोचत नाही, आणि खुंटी आत अडकून बसते. मी रॉड आवळला नव्हता, आणखी सोडला होता.

हातोडी नाही, जोर नाही, असं काकांनी बजावलं आणि रिव्हॉल्व्हर तसंच कपाटात बंद केलं.

१७ नोव्हेंबर

सिलिंडर खाचेत अडकून स्थिर असल्यामुळे रॉड एकटा फिरवता येतो. रबराचा पातळ तुकडा रॉडच्या खरखरीत टोकावर गुंडाळला, कळ पुढे दाबून धरली आणि आता घड्याळाच्या दिशेने, पाव-पाव फेरी फिरवत गेले. रॉड आणि लगच्या (नळीखालच्या खुंटीभोवतीच्या उंचवट्याच्या) मधली फट बोट जेमतेम जाईल एवढी. वीस मिनिटांनी टक् झालं आणि सिलिंडर बाहेर आलं. कुठे ओरखडा नाही.

म्हणजे माझ्या रिव्हॉल्व्हरला सुलटे आटे आहेत. मला हे आधीच कळायला हवं होतं, कारण खूण डोळ्यांसमोर होती. साइडप्लेटला चार स्क्रू आणि चापाच्या कड्यापुढे पाचवा. साइडप्लेटच्या माथ्याचा स्क्रू १९५५ च्या सुमारास गेला, चापापुढचा १९६१ च्या सुमारास. मॉडेलचे नंबर १९५७ ला सुरू झाले, ते योकच्या खाचेत ठोकलेले असतात. माझ्या खाचेत फक्त जुळणीचे आकडे आहेत. आणि डावे आटे आले १९६० च्या आसपास. पाच स्क्रू मोजले असते तरी आट्यांची दिशा कळली असती. पाच तारखेला मी ते पाचही पाहिले होते.

डावे आटे का आणले, ते सिलिंडर हातात फिरवल्यावर समजलं. मागून पाहिलं तर सिलिंडर घड्याळाच्या उलट फिरतं. रॉडचं टोक पुढच्या खुंटीवर घासतं, म्हणून रॉड सिलिंडरपेक्षा किंचित मागे राहायला बघतो. सुलटे आटे असले तर ही ओढ त्याला दर फेरीला सोडवत जाते, डावे असले तर आवळत जाते. जुन्या सुलट्या आट्यांचं रिव्हॉल्व्हर असेल तर दर वेळी साफ करताना रॉड बोटांनी तपासायचाच.

२० नोव्हेंबर

योकचा स्क्रू काढून सिलिंडर योकसकट पुढे सरकवून बाहेर घेतलं. रॉड सोडवायच्या आधी सहाही घरांत रिकाम्या पुंगळ्या घातल्या. हे विसरायचं नाही. रॉडवर लावलेला सगळा पीळ एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीवर येतो, आणि तिला सिलिंडरमध्ये जागेवर धरणाऱ्या पिना फार बारीक असतात. पुंगळ्या तो पीळ वाटून घेतात. रॉडचं टोक चामडं गुंडाळून ड्रिलच्या चकमध्ये धरलं आणि सिलिंडर हाताने फिरवलं.

रॉडच्या खरखरीत टोकावर पकडीच्या जुन्या दातखुणा आहेत. कुणीतरी पूर्वी कधी पकडीने आवळायला गेलं होतं. आणि तिथेच तो वाकलेलाही आहे.

इथे लेथ कामी आली. रॉड कोलेटमध्ये धरून टोकाला डायल इंडिकेटर, म्हणजे थरथर मोजायचं घड्याळ, लावलं: ०.१८ मिमी थरथर. रॉड पोकळ, ठोकला तर चेपेल. म्हणून उंच बाजू वर आणून लाकडी पट्टीने नुसता दाब दिला, पुन्हा फिरवून पाहिलं, पुन्हा दाब. दोन तासांत ०.०३ वर आला. आणखी ओढायचा मोह झाला, पण काकांनी थांबवलं. ०.०३ ला टोक खुंटीत घासत नाही, आणि त्याच जागी पोलाद वाकवत राहिलं तर ते तुटतं.

नवीन रॉड मागवायचा विचार केला होता, पण बाबांच्या हाताने घासून गुळगुळीत झालेला हा रॉड चालण्यासारखा असताना बदलावासा वाटला नाही.

२१ नोव्हेंबर

रॉड पुन्हा सुटू नये म्हणून आट्यांना निळं, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावलं. एक थेंब पुरे असं बाटलीवर लिहिलेलं होतं, मी दोन सोडले. आवळताना पुंगळ्या घातल्या, चामडं गुंडाळलं, दिशा तीनदा तपासली.

२२ नोव्हेंबर

मधली पिन चिकटली. जास्तीचा थेंब आतल्या पोकळीत उतरून तिथेच वाळला होता. कळ दाबली की पिन चिखलात रुतल्यासारखी सरकते आणि परत येत नाही.

पुन्हा सगळं सोडवलं. पिन लाकडी काडीने ढकलून काढली, वाळलेला थर पितळी तारेने खरवडला, आतून ॲसिटोनने पुसलं. पूर्ण दिवस गेला. या वेळी आटे आधी ॲसिटोनने कोरडे केले आणि थ्रेडलॉक काडीच्या टोकावर घेऊन मधल्या दोन आट्यांना, टोकापासून लांब, फक्त पुसलं. सिलिंडर उभं ठेवून चोवीस तास हात लावला नाही.

२४ नोव्हेंबर

जोडणीआधी हॅमर ब्लॉक, म्हणजे चाप न ओढता धक्का बसला तर घोडा काडतुसावर आदळू न देणारा अडसर, दोनदा पाहिला. लांब पट्टीसारखा हा भाग साइडप्लेटच्या आतल्या खोबणीत बसतो आणि रिबाउंड स्लाइडवरच्या छोट्या पिनीवर चढलेला असतो. तो न घालता प्लेट लावली तरी रिव्हॉल्व्हर अगदी नीट चालतं, म्हणूनच तो विसरणं धोक्याचं. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टरी मॉडेलचं (याच रिव्हॉल्व्हरच्या युद्धकाळातल्या आवृत्तीचं) एक रिव्हॉल्व्हर जहाजाच्या डेकवर पडून गोळी सुटली, एक नौसैनिक गेला, आणि त्यानंतर १९४४ च्या अखेरीस ही नवी रचना आली. तेव्हापासूनच्या व्हिक्टरी रिव्हॉल्व्हरांच्या नंबरांआधी एसव्ही अशी अक्षरं आली. माझ्या यादीत त्या ब्लॉकपुढे आता लाल खूण आहे. प्लेट लावण्याआधी काकांनीही पाहिला.

मुख्य स्प्रिंगचा स्क्रू पूर्ण आवळला. मला तो दीड फेरी सैल सापडला होता. चाप हलका व्हावा म्हणून काही लोक तसा सोडून ठेवतात. त्याने घोड्याचा ठोका कमी होतो आणि काडतूस उडत नाही, हा हलकेपणा घेऊ नये.

तेल सुईच्या टोकाने, आसांवर आणि स्लाइडखाली. एकूण चार थेंब.

२६ नोव्हेंबर

मोजमाप. नळी आणि सिलिंडर यांच्यातली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी): सिलिंडर पुढे दाबून ०.१२ मिमी, मागे दाबून ०.१७. म्हणजे पुढेमागे खेळ ०.०५. या वयाच्या रिव्हॉल्व्हरसाठी चांगलंच म्हणायचं. फट सहाही घरांना एकसारखी, म्हणजे योक वाकलेली नाही.

मार्करचे आकडे पुन्हा घातले. सहा डमी घालून साठ फेऱ्या, निम्म्या घोडा चढवून, निम्म्या नुसत्या चापाने. वहीत एकही टीप नाही. काकांनी स्वतः ओढून पाहिलं, एक शब्दही न बोलता परत माझ्या हातात दिलं. मला भरून आलं. बाबा घोडा चढवायचे तेव्हा एक विशिष्ट दुहेरी टिकटिक यायची, आधी बारीक, मग ठाम. महिनाभर ती ऐकू आली नव्हती.

६ डिसेंबर

नेमबाजीच्या मैदानावर, काकांसोबत, पन्नास काडतुसं. पहिली सहा एकेक करून भरली, दर वेळी पुंगळीचा प्रायमर पाहिला: ठोका मध्यभागी, एकही प्रायमर वर आलेला नाही. मग पूर्ण सिलिंडर.

चाळिसाव्या गोळीच्या आसपास हलकासा जडपणा जाणवला. थांबले, सिलिंडर उघडलं. चांदणीखाली चार-पाच दाणे. मी पुंगळ्या काढताना नळी आडवी धरली होती. ब्रश फिरवला, गेलं. उरलेल्या दहा सुरळीत.

घरी येऊन रॉड बोटांनी पिळून पाहिला: घट्ट. थ्रेडलॉकची निळी रेघ तुटलेली नाही. एकूण एकतीस तास गेले, त्यातले रॉड आणि चांदणीवरचे जेमतेम सात. पुढची तपासणी आणखी शंभर गोळ्यांनंतर. तारीख वहीच्या शेवटच्या पानावर बाबांच्या जुन्या नोंदीखाली लिहिली आहे.